आकडा उतरला, पण माणूस?

पीसीएल-५, म्हणजे आघातानंतरच्या ताणाची (पीटीएसडी) लक्षणं मोजणारी प्रश्नावली, रुग्णाकडून पहिल्याच भेटीत भरून घे. उपचार सुरू झाल्यावर आठवलं तर तुलना कशाशी करणार? २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. मी एकदा आधी ‘गेल्या महिन्यात’ विचारलं, नंतर ‘गेल्या आठवड्यात’. ते आकडे शेजारी ठेवताच येईनात. दोन-तीन गुण उतरले म्हणून पेढे वाटू नकोस. बेरजेपेक्षा आघाताच्या आठवणी आणि त्या जागवणाऱ्या गोष्टी टाळण्याबद्दलचे प्रश्न, ६ आणि ७, नीट बघ. अपघातानंतर घाट सोडलेला माणूस पुन्हा त्या रस्त्याने जायला लागला, की सुरुवातीला वाईट स्वप्नं वाढूही शकतात. लगेच ‘उपचार फसले’ लिहू नकोस. पीटीएसडीचं निदान गेलं का, यासाठी कॅप्स-५ ही निदानाची ठरावीक मुलाखत, शक्यतो दुसऱ्या कुणाकडून. उपचार करणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणूनही लोक कमी गुण देतात!