म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट: तुमचे प्रश्न

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर १२ वर्षांचा आहे. नर, नसबंदी केलेली नाही, वजन ३२ किलो. रोज दूध-चपाती आणि रविवारी मटणाची हाडं देतो. दोन-दोन दिवस शी होत नाही, मग खडा पडतो आणि पाठोपाठ पातळ होते. जुलाब थांबवायची गोळी द्यावी की इसबगोल? वय झालं म्हणून मांस बंद करावं का?

जुलाब थांबवायची गोळी अजिबात देऊ नका. आतड्यात खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ मल वाट काढतो. तो जुलाब वाटतो, पण मूळ दुखणं बद्धकोष्ठाचं असतं. गोळीने आतड्याची हालचाल आणखी मंदावते आणि खडा जास्तच सुकतो.

आधी कारण शोधा. शी पांढरट आणि खडूसारखी भुसभुशीत असेल तर हाडांकडे बोट जातं. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे आतडं फाडूही शकतात, त्यामुळे ती आजपासून बंदच. शी फितीसारखी चपटी येत असेल तर प्रोस्टेट तपासून घ्या. नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या नरांमध्ये ही ग्रंथी वाढून गुदाशयावर दाबते. अशा वेळी कितीही भोपळा खाऊ घातला तरी उपयोग नाही. आणि त्याला कुंथताना नीट पाहा. मागचे पाय थरथरतात, तो अर्ध्यातच उठतो, असं आहे का? सांधे दुखत असले की कुत्रा बसणं टाळतो, मल आत राहतो आणि मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं. गुळगुळीत फरशीऐवजी माती-गवतावर न्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो.

इसबगोल चालेल, पण तपासणीत आतडं अडलेलं नाही हे कळल्यावरच. अर्धा छोटा चमचा, दिवसातून दोनदा, अर्धी वाटी पाण्यात भिजवून जेवणात कालवा. कोरडा दिला तर आतच फुगतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे उकडून कुस्करलेला लाल भोपळा, मीठ-फोडणीशिवाय, जेवणात दोन मोठे चमचे. दिवसभरात त्याच्या पोटात सगळं मिळून दीड ते दोन लिटर पाणी जायला हवं. तो पीत नसेल तर जेवणच पातळ करा. उलट तीन लिटरच्या वर पिऊ लागला तर मूत्रपिंड आणि साखर तपासा.

मांस बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं उलट जास्तच लागतात. ती कमी पडली की आधी मांड्या झडतात, आणि मग शीला बसणं आणखी अवघड होतं. दिवसाला उकडलेलं बिनहाडाचं चिकन ३५० ग्रॅम, शिजवलेला भात २५० ग्रॅम, भोपळा किंवा दुधी १०० ग्रॅम, तीन वेळांत विभागून. कांदा-लसूण नको. या ताटात कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वं कमी पडतात. ती किती द्यायची ते पशुवैद्याकडून ठरवून घ्या. बदल ७ ते १० दिवसांत करा: आधी पाव हिस्सा नवं अन्न, मग निम्मं, मग पाऊण. दूध मात्र थांबवाच. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला त्यातली साखर सहसा नीट पचत नाही, ती आतड्यात आंबून गॅस होतो.

दोन दिवसांच्या वर शी नाही आणि उलट्याही होतायत, शी डांबरासारखी काळी आहे, किंवा पोट फुगून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येतायत, तर घरी काही करत बसू नका. शेवटचं लक्षण जठराला पीळ पडल्याचं असू शकतं. त्यात तासांचा हिशेब असतो, रात्र असली तरी निघा.

प्रश्न : १० वर्षांच्या पॉमेरेनियनला कालपासून जुलाब आहेत. दही-भात पुरेल का?

खेळतोय, पाणी पितोय, तर एक दिवस चालेल. मऊ भात, त्यात ताज्या दह्याचा एक चमचा, थोडं चिकन, दर चार तासांनी थोडंथोडं. तूप नको, तळण किंवा तुपाचं खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेली असली तर ते त्रास वाढवेल. हिरडी बोटाला चिकट लागली किंवा तो मरगळला, तर उद्याची वाट न पाहता सलाइनसाठी दवाखाना गाठा. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी फार लवकर संपतं.