ट्रकच्या दारात जुना स्पीकर काढून कंपोनंट सेट (वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे असलेला स्पीकर संच) सरळ बसेल का?
बसेल, पण आधी काच पूर्ण खाली करून आतली खोली मोजा. साडेसहा इंची वूफरचं, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरचं, मॅग्नेट बऱ्याचदा काचेला अडतं, आणि हे कळतं सगळं फिट केल्यावर! अडलं तर स्पीकर आणि दाराच्या मध्ये रिंग घाला, प्लास्टिकची किंवा वॉटरप्रूफ प्लायची. मी एकदा एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) घातली होती. एका पावसाळ्यात पुरीसारखी फुगली.

काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, त्यामुळे क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देणारा डबा, दारात नको, डॅशबोर्डखाली ठेवा. मग ट्वीटर आणि वूफरच्या वेगळ्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच दारात न्या. बाहेरून नेल्या तर दार उघडझाप करून तुटतात. ट्वीटर आरशाजवळच्या कोपऱ्यात छान वाजतो. प्लस-मायनस दोन्ही दारांना सारखं जोडा, नाहीतर बेस गायब होतो.

आणि गाडी मोठी असेल तर 24 व्होल्ट असते, कारचा स्टीरिओ 12 चा. बरेच जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 घेतात. तसं करू नका, एक बॅटरी उतरत राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा.