आधी तुटलेला तुकडा हातात घे

प्रिय,

तुझा मेल परवा रात्री वाचला, लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण म्हटलं घाईत नको, हा विषय माझ्या फार जवळचा आहे, नीट लिहू. तू विचारलंस की धक्के सोसणारं अजून मजबूत पोलाद करायचंय तर निकेल टाकू, क्रोमियम टाकू की व्हॅनेडियम, आणि किती टक्के, आणि सोबत सगळ्या कॉम्बिनेशनचा तक्ता पण जोडलास. मेहनत दिसतेय गं, खरंच. पण तक्ता दोनदा वाचला तरी मला जे हवं होतं ते सापडलं नाही. हार्डनेस (कडकपणा) आहे, टेन्साइल (ओढून तोडायला लागणारा ताण) आहे, चार्पीचे ज्यूल आहेत (लोलकाच्या फटक्याने नमुना तोडायला किती ऊर्जा लागली ते), पण जे नमुने तुटले ते तुटलेल्या जागी दिसत कसे होते हे कुठेच नाही. ते तुकडे ठेवलेस की टाकून दिलेस?

मी आधी तेच विचारणार, कारण कुठला धातू टाकायचा हे ठरवायच्या आधी आत्ताचं पोलाद कशामुळे तुटतंय ते कळायला हवं, आणि ते तुकडा सांगतो, आकडा नाही सांगत.

एक गोष्ट आधी क्लिअर करू. मजबूत वेगळं आणि चिवट वेगळं. कानस बघ, कार्बन भरपूर, एकदम कडक, बाकी लोखंड खरवडून काढते, पण ऐरणीवर ठेवून घणाचा एक फटका घातलास तर मटकन दोन तुकडे (घालू नकोस, कपच्या डोळ्यात उडतात). धक्का बसतो तेव्हा कुठल्यातरी बारीक चिरेच्या टोकाशी सगळा ताण गोळा होतो, तिथला धातू जरासा सरकला, दबला, तर टोक बोथट होतं आणि चीर थांबते, नाही सरकला तर चीर सरळ आरपार जाते. आता गंमत अशी की पोलाद मजबूत करायचे बहुतेक उपाय म्हणजे त्या सरकण्याला अडथळे घालणंच असतं. म्हणून ताकद वाढवत गेलं की चिवटपणा हातातून निसटतो. दोन्ही एकदम वाढवणारा भरवशाचा उपाय मला एकच माहितीये, ग्रेन, म्हणजे पोलाद ज्या स्फटिकांचं बनलेलं असतं ते, बारीक करणं, आणि त्यासाठी नायोबियम किंवा व्हॅनेडियम चिमूटभर पुरतो, नायोबियम तर शेकडा ०.०३ ते ०.०५ एवढाच, त्याचे कार्बन-नायट्रोजनशी झालेले बारीक कण ग्रेनच्या कडा धरून ठेवतात आणि गरम केलं तरी ग्रेन फुगत नाहीत. तुझ्या तक्त्यात व्हॅनेडियम अर्धा टक्का आहे. कशासाठी ते मला कळलं नाही, तुलाही सांगता येणार नाही असं वाटतं.

आता माझ्या सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट सांगतो. निकेल-क्रोमियम पोलादाचे जाड शाफ्ट होते, हार्डनिंग करून (लाल तापवून झटकन थंड करून) ५२५ अंशाला टेम्पर केले (ठिसूळपणा उतरवायला परत तापवले) आणि माल जाड म्हणून भट्टीतच सावकाश थंड होऊ दिले, तडे जायला नकोत म्हणून. हार्डनेस बरोबर, टेन्साइल बरोबर, सगळे खूश. चार्पीला लावलं तर नमुना टण्ण करून दोन भाग होऊन उडाला, लोलकाला जणू काही अडलंच नाही. मी लगेच कागदावर मांडायला बसलो, निकेल अजून एक टक्का वाढवू म्हणून. माझ्या सीनियरनी कागद बाजूला सरकवला, तुटलेले दोन्ही अर्धे माझ्या तळहातावर ठेवले आणि भिंग दिलं. चांगल्या पोलादाचा तुटलेला भाग करडा असतो, मळकट, तंतूतंतू असल्यासारखा, कडेला धातू ओढला जाऊन ओठ आल्यासारखे दिसतात, बाजू जराशी फुगलेली असते. इथे त्यातलं काहीच नव्हतं. कडा सरळ कापल्यासारख्या, आणि आत खडीसाखर फोडल्यावर दिसतात तसे चकाकणारे सपाट पैलू. म्हणजे ग्रेन फुटलेच नव्हते, ते एकमेकांपासून सुटले होते!

कारण होतं फॉस्फरस, आणि त्याचे कथील, अँटिमनी, आर्सेनिक हे भाऊबंद. टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजण्याइतके कमी, पण साधारण ३७५ ते ५७५ अंशांच्या पट्ट्यात पोलाद रेंगाळलं की हे सगळे ग्रेनच्या कडांवर जाऊन बसतात आणि तिथला सांधा कच्चा करतात. आणि निकेल-क्रोमियम जोडीने असले की हा त्रास जास्त होतो, म्हणजे मी निकेल वाढवला असता तर दुखणं वाढायचीच शक्यता होती. शेवटी केलं काय, तर तेच शाफ्ट ६०० अंशांच्या वर परत तापवले आणि पाण्यात पटकन थंड केले. हार्डनेस थोडा उतरला, चालण्यासारखा होता. चार्पीला दुसरा नमुना लावला तर तो वाकला, अर्धवट फाटला आणि तसाच लोंबकळत राहिला. एक ग्रॅम धातू न टाकता! पुढच्या हीटला (भट्टीतल्या पुढच्या घाण्याला) शेकडा ०.३ मॉलिब्डेनम घेतलं, कारण ते या दुखण्यावर खरंच उपयोगी पडतं (फार जास्त नको, अर्ध्या टक्क्याच्या पुढे फायदा राहत नाही), आणि फॉस्फरसचे ते भाऊबंद आत येऊ नयेत म्हणून भंगार निवडून घ्यायला लागलो. तेव्हापासून मी आधी काढायचं काय ते बघतो, टाकायचं काय ते मग. गंधकाचंही तसंच, मँगनीज त्याला धरून ठेवतं हे बरं, नाहीतर गरम असतानाच तडकलं असतं, पण तो मँगनीज सल्फाइड रोलिंगमध्ये लांबट पट्ट्या होऊन पसरतो आणि आडव्या दिशेला चिवटपणा खाली येतो. तुझे नमुने रोलिंगच्या दिशेने कापलेत की आडवे, तेही लिही.

दुसरा राहिलेला कॉलम म्हणजे तापमान. सगळ्या चार्पी टेस्ट तू रूम टेंपरेचरला केल्यास. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडला स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज धक्क्याला शांत पाण्यात बांधलेलं असताना मधोमध मोडलं. वादळ नाही, टक्कर नाही. ताकदीच्या आकड्यात ते पोलाद बसतच होतं, पण थंडीत त्याचा चिवटपणा गेला होता आणि वेल्डिंगचं जहाज असल्यामुळे एकदा सुटलेली चीर अडवायला प्लेटचा जोडही आड आला नाही. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी त्या काळातल्या अशा जहाजांचा अभ्यास करून दाखवलं की मूळ दोष पोलादातच आहे, ठराविक तापमानाच्या खाली ते ठिसूळ होतं. निकेलचं खरं काम इथे आहे, हे तापमान खाली ढकलणं. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशाला साठवायच्या टाक्या ९ टक्के निकेलच्या पोलादाच्या करतात त्या यासाठीच. तुझा पार्ट गरम जागी काम करणार असेल तर एवढं महाग निकेल कशाला? आणि थंडीत चालणार असेल तर उणे ४० चा एकही आकडा नसताना तू ठरवणार कशावरून?

क्रोमियम, मॉलिब्डेनमबद्दल थोडक्यात, त्यांचा मोठा उपयोग म्हणजे पाणी देताना, म्हणजे तापवून थंड करताना, पोलादाला सवड मिळते, जाड माल तेलात सावकाश थंड झाला तरी गाभ्यापर्यंत मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाचं कडक रूप, होतं. तुझा पार्ट २० मिलीमीटरचा आहे, गाभा तसाही लांब नाही, विचार कर.

छिन्नी, पंच, न्यूमॅटिक हातोड्याचे बिट, यांच्यासाठी जे शॉक-रेझिस्टिंग टूल स्टील असतं ना, एस सिरीजवालं, ते जरूर वाच. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपासच ठेवलेला असतो, कानशीसारखा एक-सव्वा टक्का नाही. आणि एस-५ मध्ये सिलिकॉन जवळजवळ २ टक्के, जो आपण एरवी मोजतच नाही. तो टेम्परिंगमध्ये सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं ठिसूळ संयुग) तयार व्हायला उशीर लावतो, त्यामुळे ३०० अंशांच्या आसपास, जिथे साधं पोलाद ठिसूळ होतं, तिथे टेम्पर करून कडकपणाही टिकतो आणि फटकाही सोसतो. स्वस्त धातू, पण काम बघ केवढं. तुझ्या तक्त्यात सिलिकॉन सगळीकडे ०.२५, एकाही ठिकाणी बदललेला नाही.

आणि रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज धातुतज्ज्ञाचं राहिलं. १८८२ साल, शेफिल्ड, पोरगा चोविशीच्या आतबाहेर. तोपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की पोलादात मँगनीज अडीच-तीन टक्क्यांच्या वर गेलं की ते ठिसूळ होतं, मग कोणी पुढे जाईना. हा पुढे गेला, १२-१३ टक्क्यांपर्यंत, सोबत १.२ टक्का कार्बन, आणि साधारण हजार अंशांवरून पाण्यात बुडवलं. साधं पोलाद असं केलं की कडक होतं, हे मऊ आणि कमालीचं चिवट झालं, आणि वर फटके बसत गेले की फक्त पृष्ठभाग कडक होत जातो, कडकपणाच्या ब्रिनेल मापावर २०० चा ५०० पर्यंत, आतला गाभा तसाच चिवट. आजही रेल्वेच्या क्रॉसिंगला आणि दगड फोडायच्या क्रशरच्या जबड्याला हेच लागतं. पण म्हणून उठून सगळीकडे लावू नकोस, फटका नसेल, नुसती वाळू घासत असेल तर ते कडक होतच नाही आणि भराभर झिजतं, मशीनिंगलाही फार त्रास देतं. मला त्याच्यात आवडतं ते हे की ग्राफ खाली चाललाय म्हणून त्याने रेघ तशीच खाली जाईल असं धरलं नाही. तू तीन टक्क्यांपर्यंतच्या आकड्यांवरून पुढची रेघ पट्टीने ओढली आहेस, तिसरं पान बघ.

तर आत्ता नवीन हीट लावू नकोस. जुनेच नमुने, तीच केमिस्ट्री, चार-पाच तापमानं घे, प्रत्येकाला तीन-तीन चार्पी. टेम्परिंगनंतर थंड कसं केलं ते लिही, हवेत, तेलात की भट्टीत. ग्रेन साइज आणि फॉस्फरस, गंधकाचे आकडे लॅबकडून मागून घे, द्यायला कंटाळा करतील, तरी घे. त्यानंतर एका वेळी एकच धातू बदल, दोन बदललेस तर कोणी काय केलं ते कधीच कळणार नाही.

आणि तुकडे सापडले तर तुटलेल्या बाजूंचे जवळून फोटो पाठव, तिरक्या उजेडात काढ म्हणजे उंचसखल दिसेल. बोट लावू नकोस, घामाने गंज चढतो. कोरड्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून वेगवेगळे ठेव. दोन अर्धे एकमेकांना जुळवून बघायचा मोह होतो, सगळ्यांनाच होतो, पण जुळवू नकोस, कडा घासल्या की बघायचं तेच पुसलं जातं.

तुझा,
काका