आमचा ड्रॅगन पावसाळ्यात आढ्यावर असतो

तुमची मुलगी 6 वर्षांची, रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर घर, आणि तिला काल्पनिक ड्रॅगन दत्तक घ्यायचाय. इथल्या दमट हवेत तो टिकेल का, त्याला खायला काय घालायचं, आणि या नादात आपण मुलीला खोटं बोलायला शिकवतोय का, असं तुम्ही विचारलंय.

हवेचं आधी सांगते. तुम्ही ते गमतीने विचारलं असेल, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त कटकट त्यावरूनच झाली.

2020 च्या मे महिन्यात माझा भाचा डोंबिवलीहून वेंगुर्ल्याला आमच्याकडे आला. वय वर्षं 6, शाळा बंद, आसपास खेळायला कोणी नाही. आठ दिवसांत त्याने ड्रॅगन आणला. आग ओकणारा, पंखवाला, चित्रात असतो तसा. पुढे जुलै उजाडला. पहाटे आई न्हाणीतल्या हंड्याखाली जाळ घालायला बसली, तर माडाची चुडतं दमट, नारळाची सोडणं ओली. फुंकणीने फुंकून तिचे डोळे लाल झाले. भाचा तिच्या शेजारी उकिडवा बसून हवेत कोणालातरी हळू आवाजात समजावतोय, ‘एकदाच. आजीसाठी.’ धूर तेवढा भरपूर आला. मग त्याने गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं की ड्रॅगनचं नाक चोंदलंय, ऑक्टोबरपर्यंत त्याच्याकडून काही होणार नाही.

तेव्हा माझा सल्ला असा, की वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावात आगीचा ड्रॅगन घेऊच नका. तो पश्चिमेकडचा, कोरड्या दगडी किल्ल्यांतला. चिनी ड्रॅगन पाण्याचा असतो. नद्या, ढग, पाऊस हे त्याचं खातं, तिथे दुष्काळात लोक त्यालाच साकडं घालत. अंग सापासारखं लांब आणि सहसा पंख नाहीत, म्हणजे घरात जागाही कमी लागते. आम्ही ऑगस्टमध्ये बदलून घेतला. हा नवा आढ्यावर वेटोळं करून मावतो. तुमच्या फ्लॅटमध्ये आढं कुठून येणार, पण पडद्याची दांडी चालेल.

दत्तक कसा घ्यायचा, तर अंड्यापासून घ्या. आयता मोठा ड्रॅगन मुलांचं ऐकत नाही म्हणे. आमचं अंडं म्हणजे एक असोला, न सोललेला नारळ. न्हाणीमागे ओल असते, तिथे ठेवला होता. रोज सकाळी जाऊन बघायचं, हात लावायचा नाही. नारळाला कोंब फुटायला तीन-चार महिने लागतात, आणि कोंब आला त्या दिवशी हा घरभर ओरडत फिरला, ‘शेपूट बाहेर आली!’ ड्रॅगन तोवर दोन महिने आढ्यावर राहत होता, हे त्याला कोणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

दत्तकपत्र कागदावर लिहून घ्या. आमच्या कागदावर मी सही केली, आईने मात्र हात आखडला. ‘आधी राखणदाराक सांगा. नवा जनावर घरात घेताना गाऱ्हाणा घालूक व्हया.’ राखणदार म्हणजे जागा राखणारा देव. मला वाटलं थट्टा करतेय. तिने खरंच विडा ठेवला, नारळ ठेवला आणि उभ्याने गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा वगैरे सगळं. पोरगा हात जोडून प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणत होता. त्या दिवसापासून ड्रॅगन घरचा झाला. शहरात तुम्ही काय कराल ठाऊक नाही, पण घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची परवानगी मुलीला मागायला लावा. खेळाला वजन येतं.

खाणं सोपं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी आपण खाऊ ते, फक्त पान वेगळं मांडायचं नाही. पहिल्याच दिवशी आईने दटावलं होतं, अन्न वाया जाता नये. मग ठरलं की तो वासावर जगतो. बांगडा तळला की त्याचं पोट भरतं. श्रावणात त्याने मासे सोडले, आणि त्या महिन्यात तो फार चिडचिडा झाला होता. आमच्या घरातले पुरुषही होतात.

आता खोट्याचं. मी स्वतःच एकदा माती खाल्ली. रात्री लवकर आडवं व्हावं म्हणून ठोकून दिलं, ‘तो कधीच झोपला, तूही झोप.’ पोराने माझ्याकडे असं बघितलं, की मीच सहा वर्षांची. म्हणाला, ‘आत्या, तो माझ्या मनातला आहे. तुला कसं कळलं?’ अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर यांनी या विषयावर पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांच्या 2004 च्या एका अभ्यासात, सातव्या वर्षापर्यंत 65 टक्के मुलांनी कधी ना कधी काल्पनिक सोबती बाळगलेला आढळला, त्यात जीव आहे असं मानलेली खेळणीही धरली होती. आणि मुलं मुलाखत घेणाऱ्यांनाच मध्येच सांगत, हे खरं नाहीये बरं का. त्यामुळे खोट्याची काळजी मुलीची करू नका. ड्रॅगनच्या तोंडी आपल्या सोयीची वाक्यं घालायचा मोह आपल्याला होतो, तिथे जीभ आवरा.

मुलंही त्याचा फायदा घेतात, ते वेगळं. आमच्याकडे करवंदाच्या लोणच्याची बरणी फुटली आणि नाव अर्थातच ड्रॅगनवर आलं. मी हुज्जत घातली नाही. ‘बरं, त्याने फोडली. पण त्याला पोछा धरता येत नाही, तू त्याच्या वतीने पूस.’ तेलकट फरशी पुसता पुसता आरोप मागे घेतला गेला.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. हट्टापायी कोणी घोरपडीचं पिल्लू आणून देतो म्हणाला, तर सरळ हाकला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, पाळणं गुन्हा आहे. खरा ड्रॅगन दाखवायचाच असेल तर मुलीला दक्षिण गोव्यात न्या, काणकोणच्या बाजूला. तिथल्या पोफळीच्या बागांत उडता सरडा दिसतो. त्याच्या वंशाला शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये नावच ‘ड्रॅको’ दिलं, लॅटिनमध्ये ड्रॅगन. शेपटीसकट वीतभर जेमतेम, खातो मुंग्या. खोडाच्या रंगात इतका मिसळलेला, की गळ्याखालची पिवळी झालर नराने फडकवली तरच कळतं. मग लांब बरगड्यांवर ताणलेली कातडी छत्रीसारखी उघडते आणि तो या पोफळीवरून त्या पोफळीवर तरंगत जातो. भाच्याला दाखवला तेव्हा अर्धा तास मान वर करून उभा होता. मग म्हणाला, ‘आपला मोठा आहे.’

भाचा आता माझ्या खांद्याला लागला. गेल्या मे महिन्यात आला होता, सगळा वेळ मोबाईलमध्ये डोकं. निघायच्या आदल्या रात्री जेवताना आजीला सहज विचारल्यासारखं विचारलं, तो आहे का अजून? आई भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आसा थंयच. उंदीर कमी झालेत ते कशान?’

माळ्यावर एक धामण येऊन-जाऊन असते. मी काही बोलले नाही.