वाचकांचे प्रश्न : पाकटातला कृमी नवा आहे, हे ठरवायचे कसे?

प्रश्न : बंदरावर आलेल्या पाकटाच्या (चपट्या स्टिंगरे माशाच्या) आतड्यात पांढरे, दोऱ्यासारखे फीतकृमी सापडले. ते लगेच थंड फॉर्मलिनमध्ये टाकले. आता डोकी आकसली आहेत. प्रजाती नवी असू शकते, असे आमचे सर म्हणतात. पुढे काय करू? (एम.एस्सी. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : प्रजाती नवी असेलही, पण या नमुन्यांच्या जोरावर ते सिद्ध होणार नाही. नवे नमुने मिळवा. थंड फॉर्मलिनमध्ये पडलेला कृमी मरता मरता आकसतो, चोषक (चिकटून राहण्याचे अवयव) मिटतात, आकडे आत ओढले जातात, आणि मग मापांना काही अर्थ उरत नाही.

पाकट जितका ताजा तितके बरे. मासा मेल्यावर काही तासांतच कृमी विरघळायला लागतात. पोटाकडून चीर देऊन जाड, नळीसारखे आतडे बाहेर काढा आणि लांबीने उघडा. आत गोल जिन्यासारखी घडी दिसते. बहुतेक कृमी तिथेच डोके रुतवून बसलेले असतात. चिमट्याने ओढलात तर धड हातात येते आणि डोके आत राहते, आणि सगळी ओळख तर डोक्यातच असते. तेव्हा श्लेष्मल त्वचेचा तुकडा कृमीसकट कापून समुद्राच्या स्वच्छ पाण्यात ठेवा आणि कृमी आपणहून सुटू द्या. नळाचे पाणी चुकूनही नको, त्यात कृमी फुगून फाटतात.

मग नमुने दोन गटांत वाटा. काही थेट 95 टक्के इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या नमुन्यातून धड डीएनए मिळणे फार अवघड. उरलेल्यांवर उकळीला आलेले समुद्राचे पाणी ओता, ते ताठ, सैल अवस्थेत मरतात. लगेच दहा टक्के फॉर्मलिनमध्ये घाला, म्हणजे बाजारातल्या फॉर्मलिनचा 1 भाग आणि समुद्राचे पाणी 9 भाग. आठवड्याने 70 टक्के इथेनॉलमध्ये हलवा. फॉर्मलिन स्वतः तापवत बसू नका, वाफ डोळ्याघशाला जाळते. डीएनएसाठी कृमी निवडताना त्याचा मधला तुकडा तेवढा वापरा, डोके आणि शेपटीकडचा भाग स्लाइडवर जपा. नाहीतर डीएनए कोणाचा होता, हे नंतर कोणालाच दाखवता येत नाही.

स्लाइडसाठी हिमॅटॉक्सिलिन किंवा अॅसिटोकार्माइनमध्ये मुद्दाम गडद रंगवा. मग 1 टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या 70 टक्के इथेनॉलमध्ये रंग उतरवत न्या, आणि वृषणे एकेक करून मोजता येऊ लागली की थांबा. चढत्या इथेनॉलमधून पाणी काढा, मिथाइल सॅलिसिलेटमध्ये पारदर्शक करा, कॅनडा बाल्समध्ये बसवा. बाल्सम दुधाळ झाला तर पाणी राहिले आहे, 100 टक्के इथेनॉलची पायरी पुन्हा करा. कव्हरस्लिपवर वजन ठेवून कृमी चपटा करण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. ती सोडा. दाबलेल्या कृमीची रुंदी त्याची स्वतःची राहत नाही.

वर्गीकरणाला इथे सुरुवात. डोक्यावर आत-बाहेर होणाऱ्या, आकड्यांनी भरलेल्या चार सोंडा दिसल्या तर ट्रायपॅनोरिंका हा फीतकृमींचा गण. चार पाकळ्या आणि प्रत्येकीवर दुहेरी टोकांच्या आकड्यांची जोडी असेल तर बहुधा अॅकँथोबोथ्रियम. या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) दोनशेच्या आसपास प्रजाती आहेत, तेव्हा सगळ्यांशी ताडून पाहण्यात जन्म जाईल. घोषरॉय आणि कायरा यांनी 2001 मध्ये सुचवलेली पद्धत वापरा : एकूण लांबी 15 मिलिमीटरपर्यंत की जास्त, शरीराचे खंड 50 पर्यंत की जास्त, एका खंडातली वृषणे 80 पर्यंत की जास्त, अंडाशयाच्या दोन बाजू समान की असमान. या चार उत्तरांवरून तुमचा कृमी एका गटात बसतो आणि तुलना तेवढ्या गटाशीच करायची. वृषणे एका कृमीवरून ठरवू नका. अनेक कृमींचे अनेक खंड मोजा, कमाल-किमान द्या.

प्रश्न : कृमीच्या शोधनिबंधात माशाच्या नावाला एवढे महत्त्व का? जुन्या वर्णनांवर विसंबावे का? (महाविद्यालयीन शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : शार्क-पाकटांतले बरेच फीतकृमी एकाच माशाच्या प्रजातीत राहतात. माशाची ओळख चुकली की कृमीचाही हिशोब चुकतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या शार्क-पाकटांतून मराठवाड्यातल्या संशोधकांनी कितीतरी कृमी वर्णिले आहेत. पण जुन्या वर्णनांत यजमान म्हणून नुसते ‘ट्रायगॉन’ असे लिहिलेले असते. 2016 मध्ये या पाकटांच्या कुळाचीच फेरमांडणी झाली, त्यामुळे तो मासा आजच्या हिशोबाने कोणता, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. म्हणून माशाचा वरून-खालून फोटो, चकतीची रुंदी, लिंग, बंदर आणि यकृताचा तुकडा इथेनॉलमध्ये, हे कृमीसोबत ठेवाच. जुन्या वर्णनाचा प्ररूप नमुना (ज्यावरून प्रजातीचे मूळ वर्णन झाले तो) कुठल्या संग्रहालयात आहे ते आधी विचारा. तो हरवला असेल आणि चित्र ढोबळ असेल, तर त्या नावाच्या जवळपास नवे नाव देणे धोक्याचे. त्याच माशातून, त्याच किनाऱ्यावरून नवे नमुने घेऊन जुनेच वर्णन सुधारणे जास्त उपयोगाचे, मग नावापुढे आपले आडनाव न लागले तरी.

नवे नाव द्यायचेच असेल तर होलोटाइप (नव्या प्रजातीचा मुख्य प्ररूप नमुना) कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या राष्ट्रीय संग्रहात जमा करा, घरच्या कपाटात नव्हे. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी, ती नसेल तर नाव ग्राह्य धरले जात नाही. आणि जाळ्यात व्हेल शार्क किंवा करवत मासा आला असेल तर कृमी विसरा, वनविभागाला कळवा. ते कायद्याने संरक्षित आहेत.

प्रश्न : सुरमई कापताना तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गाठ निघाली, आत कृमी वळवळत होता. मासा टाकून द्यावा का? (गृहिणी, मालवण)

उत्तर : वर्णनावरून ही ट्रायपॅनोरिंक कृमीची अळी वाटते. ती शार्क-पाकटात मोठी होते, माणसात वाढत नाही. गाठीचा भाग कापून काढा, बाकी मासा नीट शिजवून खा. यकृताभोवती किंवा आतड्यावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसलेले 2-3 सेंटिमीटरचे गोलकृमी दिसले तर ते अॅनिसाकिस असू शकतात. ते कच्च्या माशातून माणसाच्या पोटात रुततात. मासा आतपर्यंत 60 अंश सेल्सियसला निदान मिनिटभर शिजला की मरतात. कच्चा खायचा असेल तर उणे 20 अंशाला 7 दिवस. लिंबू, व्हिनेगर किंवा मीठ यांवर विसंबू नका. घरचा फ्रीझर बऱ्याचदा तेवढा थंड नसतो, थर्मामीटर ठेवून पाहा. मासा घरी आणताच आतडी काढून टाका. मासा मेल्यावर अळ्या आतड्यातून मांसात शिरू शकतात.