वाचकांचे प्रश्न : पंचांगातली वर्षं आणि खडकातली वर्षं

प्रश्न : कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय ४५४ कोटी सांगतात. फरक जेमतेम २२ कोटींचा. मग आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं, असं वर्गात सांगायला काय हरकत आहे? (शिक्षक, अंबाजोगाई)

हरकत हिशेबाची आहे, सर. ४३२ कोटी ही ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची लांबी. त्यातला सरलेला भाग किती, हे पंचांगाच्याच रीतीने मोजा. महायुग ४३,२०,००० वर्षांचं. सहा मन्वंतरं संपली, प्रत्येकी ७१ महायुगांची. त्यांच्या आगेमागे १७,२८,००० वर्षांचा एक, असे सात संधी. चालू वैवस्वत मन्वंतरातली २७ महायुगं गेली. अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर मिळून ३८,८८,००० वर्षं आणि इसवी सनपूर्व ३१०२ पासून कलियुगाची पाच हजारांवर. बेरीज येते १९७ कोटी २९ लाख ४९ हजार. सूर्यसिद्धांत हा खगोलगणिताचा जुना ग्रंथ यातून सृष्टी घडवण्यात गेलेली १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षं वजा करतो, म्हणून काही पंचांगांत १९५ कोटी ५८ लाख छापलेले दिसतात. तुलना करायचीच तर १९७ची ४५४शी करावी लागेल, आणि तिथे निम्म्याहून जास्त तूट आहे.

शिवाय परंपरेतही एकमत नव्हतं. आर्यभटाने कल्प १००८ महायुगांचा धरला आणि चारही युगं सारखी, १०,८०,००० वर्षांची. ब्रह्मगुप्ताने त्यावरून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. ग्रहांच्या फेऱ्या अपूर्णांक न उरता मांडता याव्यात म्हणून सिद्धांतकारांना एवढा प्रचंड काळ सोयीचा होता. वर्गात हे जरूर सांगा. शून्यांचा असा सराईत वापर ही साधी गोष्ट नाही. पण खडकाचं वय काढायचा प्रयत्न तो नव्हता.

प्रश्न : विहिरीत लागलेला काळा दगड कार्बन डेटिंगला दिला तर वय कळेल का? (शेतकरी, गेवराई)

नाही. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. शिवाय ती पद्धत लाकूड, हाड, कोळसा अशा एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी आहे. तुमचा दगड म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा.

त्याला चालते ती आर्गॉन पद्धत. दगडातलं पोटॅशियम-४० हळूहळू मोडतं आणि त्याच्या काही भागाचा आर्गॉन वायू होतो. निम्मं व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात. लाव्हा वितळलेला असताना जुना वायू निघून जातो आणि थिजला की नवा आत साठू लागतो. म्हणून नमुना निवडण्यातच निम्मं यश. वरचा मुरूम नको, मांजऱ्या नको, गारगोट्या भरलेला तर अजिबात नको, कारण पाणी मुरलेल्या दगडातून आर्गॉन निसटलेला असतो आणि वय खरं आहे त्याहून कमी येतं. पक्क्या खडकाचा, फोडल्यावर आतून काळाभोर दिसणारा तुकडा हवा. तो दळून त्यातले फेल्डस्पार या खनिजाचे कण वेगळे काढतात, अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा देतात आणि मग टप्प्याटप्प्याने तापवतात. प्रत्येक टप्प्याला सुटणारा वायू एकच वय सांगत असेल तरच ते धरायचं. आकडे वरखाली नाचले तर नमुना बाद.

दुसरी साक्ष थरांमधल्या तांबड्या गेरूची. त्यात कधी कधी ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. पुढे सापडतं ते शिसं युरेनियमपासून झालेलं. ६ कोटी ६० लाख वर्षांत उरलेल्या शंभर युरेनियम-२३८ अणूंमागे शिशाचा साधारण एकच अणू तयार होतो, तेव्हा हे काम किती नाजूक असेल ते बघा. युरेनियम-२३५चं घड्याळ वेगळ्या गतीने चालतं. दोन्हींची वयं जुळली नाहीत तर शिसं गळालंय, असं लगेच उघडं पडतं.

प्रश्न : लोणारचं वय कुणी ५२ हजार सांगतं, कुणी ५ लाख ७० हजार. शेजारच्या तळ्यावर एकमत नाही, तर ४५४ कोटींवर विश्वास का ठेवायचा? (विद्यार्थिनी, जालना)

कारण अडचण लोणारच्या दगडाची आहे. लहान आकडा दगड तापल्यावर त्यात साठत जाणाऱ्या ऊर्जेवरून काढला, मोठा आर्गॉनवरून. उल्का आदळली ती ६ कोटी ६० लाख वर्षांच्या जुन्या बेसाल्टवर. वितळलेल्या दगडातून जुना आर्गॉन पुरता गेला नसेल तर वय फुगतं, म्हणून उरलेला किती ते हिशेबात धरावं लागतं. ऊर्जेचं घड्याळ मात्र पुन्हा ऊब लागली की गळतं आणि वय घटतं. आमचा कल आर्गॉनच्या आकड्याकडे आहे.

पृथ्वीचं वय इथल्या दगडावरून काढतच नाहीत. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर लाव्हा संपल्यावर खाली फार जुना ग्रॅनाइटी खडक लागला. तसलाच देगलूर, किनवटकडे उघडा दिसतो. पण पृथ्वीने आपले पहिले खडक केव्हाच गिळून टाकलेत. हाती उरलेला सर्वांत जुना ऐवज म्हणजे ऑस्ट्रेलियातले सुमारे ४४० कोटी वर्षांचे झिरकॉन. म्हणून क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सूर्यमालेसोबतच घडलेल्या उल्कापाषाणांतलं शिसं मोजलं आणि १९५६ मध्ये ४५५ कोटी, अधिक-उणे ७ कोटी असा आकडा दिला. नंतर इतक्या मोजण्या झाल्या, तो फारसा हललेला नाही.

प्रश्न : मोबाइलवर फिरतंय की अमेरिकेत दहा वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचं वय प्रयोगशाळेने साडेतीन लाख वर्षं सांगितलं. म्हणजे सगळंच थोतांड? (वाचक, उदगीर)

माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा तो नमुना खरा आहे. त्यात आधीच थिजलेले जुने स्फटिक होते, त्यांच्यासोबत जुना आर्गॉन आला. नव्या दगडात ती चूक डोंगराएवढी दिसते. तेवढीच चूक ६ कोटी ६० लाखांत धरली तर अर्धा टक्का. पृथ्वी सहा हजार वर्षांची ठरवण्यासाठी हा दाखला देतात. मुळात इसवी सनपूर्व ४००४ हे साल आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या पिढ्यांची बेरीज करून काढलं होतं. आज बरेच ख्रिस्ती पंथही ते अक्षरशः धरत नाहीत.

प्रश्न : मग संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे’ म्हणू नये का? (गृहिणी, परभणी)

खुशाल म्हणा. ते चालू कल्पाचं नाव आहे. संकल्पात पूजेचा काळ आणि ठिकाण सांगतात, पृथ्वीच्या वयाचा दाखला नाही. फक्त ठिकाण नीट सांगा : परभणी, जालन्याला ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’, बीड, लातूरला ‘दक्षिणे तीरे’.