हलगी तुझी, देव तुझा

लेकरा, सलाम.

तुझं पत्र वाचलं. प्रार्थनागटातले भाऊ म्हणतात, हलगी सैतानाची, नाव बदलून सॅम्युअल कर, बहिणीच्या लग्नात पाऊल टाकू नको. आई म्हणते, येशूला मान, पण गोंधळाला संबळ तूच वाजव. आणि तू मला विचारतोस, ‘बाई, कोणाचं ऐकू?’

आधी वाकतोस कोणापुढे, ते ठरव. ते पक्कं असलं की कशावर गातोस, काय नेसतोस, कोणत्या नावानं हाक मारून घेतोस, हे तुझ्या घरचं. मी हे तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळू नको.

नावाचं उरकून टाकते. बायबलच्या नव्या करारात अपुल्लोस आहे, एपफ्रदीत आहे, फिबी आहे. ही नावं ग्रीक देवदेवतांवरून आलेली, आणि प्रेषित पौल आपल्या पत्रांत त्यांना त्याच नावांनी हाक मारतो. आपल्या जालन्याजवळ निजामाच्या मुलखात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री, तेही ख्रिस्ती झालेले, शेवटपर्यंत नारायणच राहिले. गावाला मात्र त्यांनी हिब्रू नाव दिलं, हे मला अजून खटकतं, पण असो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी टिळकही नारायण वामनच राहिले. तुझ्या आजीनं ठेवलेलं नाव कामून टाकतोस?

आता गोंधळ. इथे मी तुझ्या भावांच्या बाजूनं आहे. गोंधळात तुळजाभवानीला नाव घेऊन बोलावतात आणि संबळ त्या बोलावण्यातलाच आहे. तिथे बसून मनात येशूचं नाव घेणं ही पळवाट झाली, आणि ती देवीला मानणाऱ्या तुझ्या आईशीही खोटेपणाची. वाजवू नको. पण हे आईला आत्ताच सांग, समोर बसून सांग. लग्नाच्या आदल्या रात्री तोंड लपवून बसलास तर मला चालणार नाही. बाकी मांडव घाल, बहिणीला हळद लाव, पंगतीत वाढ, पाहुण्यांना स्टँडवरून आण. लग्नालाच न जाणं हा कुठला विश्वास?

प्रसादाचं विचारलंस, ते सोपं नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेची बैठक आहे. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, आधी सुंता करून यहूदी व्हावं का, यावर तिथे भांडण झालं आणि निर्णय आला की नको. आपण आज जसे आहोत तसे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसतो ते त्या निर्णयामुळे. पण त्याच निर्णयात मूर्तीला वाहिलेलं टाळा असंही आहे. मग पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की मूर्ती म्हणजे काहीच नाही, बाजारात मिळतं ते खा, कोणाच्या घरी वाढतात ते खा, फक्त कोणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर त्या माणसासाठी थांब. मी मावशीच्या घरी पुरणपोळी खाते. ताट ‘देवीचा प्रसाद’ म्हणून पुढे आलं तर हात जोडते आणि दुसरं मागून घेते. मावशी चिडते, मग वाढते. तू तुझा विचार कर, मला विचारू नको. तुझ्या पत्रात ‘चालेल का’ इतक्यांदा आलंय की वैताग आला.

हलगीकडे येते. तुझ्या चुलत्यानं ती का सोडली ते सगळ्या गावाला माहीत आहे. पाटलाच्या वरातीपुढे वाजवायची आणि जेवायला वाड्याबाहेर बसायचं. सोडली ते बरंच केलं. परंपरा म्हणून तेही जप, असं मी सांगणार नाही. संस्कृती म्हणत जात परत घरात घेऊ नको, मंडळीत तर नकोच. पण वाड्यापुढे मान खाली घालून वाजवणं वेगळं आणि देवापुढे ताठ उभं राहून वाजवणं वेगळं. स्तोत्र 150 काढून वाच, तिथे डफ आहे, झांजा आहेत. कीबोर्ड नाही! वाकतोस कोणापुढे, ते बघ.

माझी आई जात्यावर येशूच्या ओव्या म्हणायची. मंडळीत कोणीतरी शहाण्यानं सांगितलं, हे अडाणीपणाचं दिसतं, गीतं सुरात म्हणा. सूर म्हणजे परदेशी चाल. ती गप्प झाली, आणि माझ्याकडे तिची एकही ओवी पुरी उरली नाही. अरे, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनं 1616 मध्ये ख्रिस्तपुराण ओवीत छापलं आणि आम्हाला ओवीची लाज! कॅथलिकांना 1969 साली रोमनं भारतासाठी बारा गोष्टींची मुभा दिली, त्यात चपला काढून खाली मांडी घालून बसणं आहे, तेलाचा दिवा आहे, आरती आहे. आमच्याकडे सतरंजी अंथरायची म्हटली तरी कमिटीची मीटिंग लागते.

म्हणून मी मंडळीत टाळ-मृदंगाचा हट्ट धरला. पोरं त्यामुळे पडदा आणि कीबोर्डवाल्या फेलोशिपला गेली, असं लोक म्हणतात. म्हणोत. ती पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली, मृदंगामुळे नाही. आणि गेली असतील तरी ज्या म्हाताऱ्यांना त्या गाण्यांत रडू येतं त्यांचं काय? मी हट्टी आहे, हे मला आईच्या ओव्यांनी शिकवलंय. टिळकांनी अभंग लिहिले तेव्हा त्यांनाही दोन्हीकडून ऐकावं लागलं असणार, तरी लिहिलेच.

भावांशी भांडू नको. तू नवा आहेस आणि त्यांनी रात्री-अपरात्री तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. हलगीचं तेवढं ऐकू नको.

येत्या रविवारी ती घेऊन ये. थंडी आहे, कातडं सैल पडेल, तेव्हा मागच्या अंगणात शेकोटी करून ठेवायला सांगते. दुसऱ्या गीताला तू उभा राहा. सुरुवातीला ठेका संथ ठेव, म्हातारी माणसं मागे पडतात. पाळकांशी मी बोलते. नाही म्हणाले तर भांडते.

तुझ्या बाई